मुकाट्याने गिळलेले पत्र

टपालखात्याला नावे ठेवण्यात आपण कधीच कसूर केली नाही. परंतु पत्त्यावरचा इसम न सापडल्यास शेरा मारून पत्र धाडणाराकडे परत करण्याची शिस्त त्या खात्याने घालून दिली. ई-मेलच्या २००८ सालच्या नियमावलीतही तेच बंधन आहे : सर्व्हरने पत्र एकदा स्वीकारले, की ते पोचवावे, नाहीतर अपयश धाडणारास कळवावे. आज हे बंधन राजरोस मोडले जात आहे.

निमित्त तोतयेगिरीचे आहे, आणि ते खोटे नाही. १९८२ सालच्या मूळ रचनेत धाडणाराच्या नावाची पडताळणीच नव्हती. म्हणून एसपीएफ, डीकेआयएम आणि २०१२ साली डीमार्क आले. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गुगल व याहू यांनी घाऊक टपाल धाडणारांवर ते बंधनकारक केले. याविरुद्ध आमची तक्रार नाही. पण प्रामाणिक पत्रही या चाळणीत अडकते. एका पत्त्यावरून दुसऱ्यावर आपोआप वळविलेले पत्र अनोळखी सर्व्हरकडून आल्यामुळे एसपीएफला नापसंत ठरते. वाटेत मजकुरास एक ओळ जोडली, तरी डीकेआयएमची सही मोडते. मग काही सर्व्हर 'मिळाले' असे उत्तर देतात आणि पत्र नष्ट करतात! धाडणारा उत्तराची वाट पाहतो, घेणारा त्याला आळशी म्हणतो. आणि अपराधी नामानिराळा राहतो.

यावर म्हणतात, नकार कळविला तर ज्याचे नाव चोरले त्या निरपराध्यावरच तो आदळेल. आक्षेप खरा, पण उपाय सोपा आहे. पत्र आत घेण्यापूर्वी, दारातच, ५५० हा नकाराचा आकडा द्यावा. मग तो नकार पत्र आणणाऱ्या सर्व्हरलाच मिळतो. गाजावाजा न करता पत्र टाकून देण्याची मुभा ती नियमावली देते, ती लबाडीची जवळजवळ खात्री असेल तेव्हाच.

सीमाभागातील मराठी माणसाला हा प्रश्न परका नाही. संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने दिला आहे. ते निवेदन ई-मेलने धाडले आणि सर्व्हरने गिळले, तर त्या हक्काला अर्थ काय उरला? नकाराशी लढता येते. मौनाशी लढावे कसे? सरकारी कचेऱ्यांनी नकार द्यायचा तर तो कारणासह दारातच द्यावा, आणि स्वीकारलेल्या प्रत्येक निवेदनास नोंदक्रमांक द्यावा. आमच्या संस्थांनीही आपल्या नावाचे एसपीएफ, डीकेआयएम चोख ठेवावे आणि तोवर निवेदनाची एक प्रत स्पीड पोस्टाने धाडून पावती जपावी. जे पोचलेच नाही, त्याचे उत्तर कोण देणार?