मागे कोण वाजवतंय?

१९८६ साली माझी बदली मडगावला झाली. कुटुंब पुण्यात, मुलगी बालवाडीत. म्हणून मी एकट्यानेच एका जुन्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली. घरमालक तारवटी होते, म्हणजे आयुष्यभर बोटीवर नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांच्या बैठकीत परदेशातून आणलेला रेकॉर्ड प्लेअर होता आणि शेजारी तबकड्यांची चांगली हातभर चवड. रविवारी चर्चमधून परतले की ते आधी जिम रीव्ह्ज लावत. जिम रीव्ह्ज तेव्हा गोव्यात गावचाच माणूस असल्यासारखा घराघरांत गात असे. त्यानंतर पाळी मार्टी रॉबिन्सची, आणि त्यातही 'एल पासो' या गाण्याची.

हे गाणे म्हणजे एक गोष्टच आहे. टेक्सासमधल्या एल पासो गावात, एका गुत्त्यात नाचणाऱ्या मेक्सिकन मुलीपायी एक काउबॉय दुसऱ्याचा जीव घेतो. घोडा चोरून पळतो, पण तिच्या ओढीने पुन्हा परत येतो आणि गोळी लागून तिच्या मिठीत मरतो. मी बँकेतला मराठी माणूस, इंग्रजी गाण्यांशी फारसा परिचय नाही. कान देऊन शब्द पकडत होतो. घरमालकांच्या ते ध्यानात आले. मी साधा ऑफिसर, पण ते मला मॅनेजरबाबच म्हणत. म्हणाले, "मॅनेजरबाब, गावप्याक सोडात. फाटल्यान कोण वाजयता तें आयकात."

गाणाऱ्याला सोडा, मागे कोण वाजवतंय ते ऐका. मी ऐकले, आणि त्या दिवसापासून ते गाणे माझ्यापुरते बदलून गेले.

गाणे तीनच्या ठेक्यात आहे, आपल्या दादऱ्याच्या जवळपासचे. गायकाची ओळ संपते आणि पुढची सुरू होते, त्या मधल्या फटीत एक गिटार बोलते. नायलॉनच्या तारांची, स्पॅनिश वळणाची. गायक सांगतो आणि गिटार जणू मान डोलावते, शंका घेते, पुढचे सुचवते. ती गायकाच्या अंगावर कधी येत नाही. एकटीने गाजवायला तिला लांबलचक जागाही दिलेली नाही. पण ती काढून घेतली तर एल पासो गाव, तिथली धूळ, तो गुत्ता, सारे नाहीसे होईल. उरेल एका माणसाचा कबुलीजबाब. कीर्तनात बुवांच्या वाक्यामागोमाग पेटीवाला जी एक लकेर देतो, तिच्याशिवाय आख्यान कसे सुकून जाते ते आठवा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

"वाजवणारा कोण?" मी विचारले. घरमालकांनाही ठाऊक नव्हते. आमच्या हातातल्या पाकिटावर गायकाचा फोटो मोठा होता. वादकांची नावे नव्हतीच. ते नाव मला कळायला पुढे बरीच वर्षे लागली. ग्रेडी मार्टिन.

१९२९ साली टेनेसी राज्यातल्या चॅपल हिल या छोट्या गावात तो जन्मला. पंधरा-सोळाव्या वर्षी नॅशव्हिल शहरात आला तो फिड्ल वाजवायला. गिटारवर स्थिरावला नंतर. नॅशव्हिल हे अमेरिकेतल्या कंट्री संगीताचे माहेरघर. १९५५ साली ओवेन आणि हॅरल्ड या ब्रॅडली बंधूंनी तिथे एक स्टुडिओ उभारला. लष्करी कोठारासारखे अर्धगोल पत्र्याचे छप्पर असलेली शेड त्यात होती, म्हणून त्याचे नावच 'क्वॉन्सेट हट' पडले. अशा स्टुडिओंतून पंधरा-वीस वादकांचा एक संच सकाळपासून रात्रीपर्यंत वाजवत असे. लोक त्यांना 'ए-टीम' म्हणत. गायक बदलत, कंपन्या बदलत. मागचे हात बहुधा तेच असत. मार्टिन त्यांतला एक, आणि बरेचदा त्या दिवसाचा म्होरक्या.

या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. एक बैठक साधारण तीन तासांची. तेवढ्यात तीन-चार गाणी पुरी व्हायची. वादकाला मोबदला बैठकीचा, ठरलेल्या दराने. पुढे तबकडीच्या लाखो प्रती खपल्या तरी त्यात त्याचा वाटा नाही. लिहिलेले स्वरलेखन बहुधा नसे. गाणे एकदा ऐकायचे आणि कागदाच्या चिटोऱ्यावर आकडे मांडायचे: एक, चार, पाच. एक म्हणजे त्या पट्टीतला षड्जाचा स्वरमेळ, चार म्हणजे मध्यमाचा, पाच म्हणजे पंचमाचा. गायकाचा गळा बसला आणि काळी दोनऐवजी पांढरी एक धरावी लागली, तरी आकडे तेच राहतात. आपल्या सा-रे-ग-मचीच ही युक्ती! पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस ती नॅशव्हिलमध्ये रुळली. आयुष्य आकड्यांत घालवलेल्या मला हे वाचून उगाचच अभिमान वाटला.

आता मार्टिनच्या वादनाकडे येतो. त्याची शैली कोणती, असे विचारले तर उत्तर देणे अवघड आहे, आणि माझ्या मते तीच त्याची थोरवी. १९५० साली रेड फोलीच्या 'चॅटनूगी शू शाइन बॉय'मधली त्याची गिटार खेळकर आहे. १९५६ च्या जॉनी हॉर्टनच्या 'हॉन्की टॉन्क मॅन'मध्ये ती धारदार, छाती काढून चालणारी. १९५९ च्या 'एल पासो'त ती सीमेपलीकडची होते. १९६४ साली लेफ्टी फ्रिझेलच्या 'सॅगिनॉ, मिशिगन'मध्ये ती पुन्हा मऊ आणि उदास. त्याच वर्षी रॉय ऑर्बिसनच्या 'ओ, प्रिटी वुमन'च्या ध्वनिमुद्रणात इतर गिटारवाल्यांबरोबर तोही होता. ही गाणी ओळीने ऐकली तर निरनिराळी माणसे वाजवत आहेत असे वाटते. त्याच्या बरोबरीचा चेट अ‍ॅटकिन्स पहिल्या चार स्वरांत ओळखू येतो. अ‍ॅटकिन्सच्या नावाने तबकड्या निघाल्या, ग्रेट्श कंपनीने त्याच्या नावाची गिटार बाजारात आणली. मार्टिन ओळखू येतो तो गाण्यामुळे, स्वतःमुळे नाही. जगात नाव व्हायला ही सोयीची गोष्ट नव्हे.

वाद्यांच्या बाबतीतही तो असाच. गाण्याला हवे ते वाद्य हातात घ्यायचे. पन्नाशीच्या दशकात त्याच्याजवळ पॉल बिग्स्बीने घडवलेली दोन मानांची इलेक्ट्रिक गिटार होती. बिग्स्बी हा मूळचा यंत्रकामातला माणूस, मोटारसायकलींच्या नादातला. १९४८ साली मर्ल ट्रॅव्हिससाठी त्याने बनवलेली भरीव लाकडाची गिटार या वाद्याच्या इतिहासात मानाची गणली जाते. अशी दिमाखदार वस्तू जवळ असताना 'एल पासो'साठी मार्टिनने नायलॉनच्या तारांची साधी गिटार उचलली. आणि कधी तो सहा तारांचा बास घेई, म्हणजे गिटारसारखाच, पण पूर्ण एक सप्तक खाली लावलेला.

या सहा तारांच्या बासची एक गोष्ट आहे. मार्टी रॉबिन्सच्याच 'डोन्ट वरी' या गाण्याचे ध्वनिमुद्रण क्वॉन्सेट हटमध्ये चालले होते. संथ, पियानोच्या साथीवरचे गाणे. मध्ये मार्टिनच्या वाद्याला थोडी जागा होती. नेमका तेव्हाच मिक्सरमधला एक ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि बासचा गोड आवाज अचानक फाटला. भुंगा डब्यात कोंडावा तसा घोगरा, गुरगुरता नाद उमटू लागला. कोणीही म्हणाले असते, थांबा, पुन्हा घेऊ. पण ते तसेच ठेवायचे ठरले. १९६१ साली तबकडी आली आणि कंट्री गाण्यांच्या यादीत दहा आठवडे पहिली राहिली. लोक विचारू लागले, हा आवाज काढलात कसा? ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग तो बिघाड मुद्दाम घडवणारे छोटे उपकरण बनवले. १९६२ साली गिब्सन कंपनीने ते 'मायस्ट्रो फझ-टोन' नावाने विकायला काढले. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये कीथ रिचर्ड्सने तेच वापरले, आणि त्या फाटक्या आवाजाने जग दणाणून गेले. आज आपल्या गल्लीतल्या गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रातला पोरगा पायाने बटण दाबून गिटार गुरगुरवतो, त्याच्या पूर्वजांत नॅशव्हिलमधला हा एक बिघाड आहे.

आवाज फाटला ते यंत्रामुळे, हे खरेच. पण त्या जागी काय वाजले हे ऐकण्यासारखे आहे. मार्टिनचे स्वर मोजके आहेत. हात घसरलेला नाही, ताल सुटलेला नाही. आपला आवाज ओळखू येईनासा झाला तरी त्याने गाणे सोडले नाही, म्हणून तो बिघाड ठेवता आला. वाजवणारा गडबडला असता तर ती टेप पुसली गेली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती.

ही अनामिकता काही अमेरिकेचीच नाही. आपल्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या कितीतरी वादकांनी हयात घालवली. श्रेयनामावलीत त्यांची नावे शोधून सापडत नसत. १९७१ च्या 'दम मारो दम'ची सुरुवातीची गिटार भूपिंदर सिंग यांची, हे सांगितले की आजही लोक चकित होतात. अँथनी गोन्साल्विस हे नाव देशभर झाले ते १९७७ च्या एका विनोदी गाण्यामुळे. पण ते प्यारेलाल यांना व्हायोलिन शिवकणाऱ्या गोमंतकीय गुरूंचे नाव होते, आणि शिष्याने त्यातून गुरुदक्षिणा दिली होती, हे कितीजणांना माहीत होते?

इतके लिहून थांबलो असतो तर लेख सोयीचा झाला असता. पण मग घरमालकांचा प्रश्न मी फक्त तबकडीलाच विचारला, असे होईल.

१९९३ साली मी कोकणातल्या एका शाखेत मॅनेजर होतो. लेजरमधली खाती यंत्रावर चढवायची होती आणि त्याआधी सेव्हिंग्जचे बॅलन्सिंग जुळायला हवे होते. सत्तावीस रुपयांचा फरक येत होता. आमच्या हेडक्लार्कना सगळे अण्णा म्हणत. अण्णा म्हणाले, "साहेब, सत्तावीसला नवाने भाग जातो. कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत." अठ्ठावनचे पंच्याऐंशी झाले की फरक बरोबर सत्तावीसचा येतो. पण हजारो खात्यांत ते अठ्ठावन शोधायचे कुठे? अण्णा अकरा रात्री बसले. बाराव्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या टेबलावर एक जुने लेजर उघडून ठेवले आणि पेन्सिलने केलेल्या खुणेवर बोट टेकवले. अक्षर माझे होते.

वरच्या कार्यालयाने वेळेआधी काम पुरे केल्याबद्दल आमच्या शाखेला ढाल दिली. फोटोत ढाल धरून मी उभा आहे. मी भाषण केले, 'सर्व सहकाऱ्यांचे' आभार मानले. अण्णांचे नाव घेतले नाही. विसरलो नव्हतो. नाव घेतले असते तर फरक सापडला कुठे, हेही सांगावे लागले असते.

अण्णा पुढे सात वर्षांनी निवृत्त झाले. त्याविषयी ते कधी बोलले नाहीत. आणि मीही कधी बोललो नाही. आता बोलावे म्हटले तर ते नाहीत.

ग्रेडी मार्टिन स्टुडिओतले काम कमी झाल्यावर १९८० च्या सुमारास विली नेल्सनच्या ताफ्यात गेला आणि नव्वदीच्या दशकात निवृत्त होईपर्यंत तिथेही मागेच उभा राहून वाजवत होता. डिसेंबर २००१ मध्ये तो वारला. नॅशव्हिलच्या 'कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचे नाव लागले ते २०१५ साली. मृत्यूनंतर चौदा वर्षांनी का होईना, लागले. उशिरा दिलेल्या श्रेयाचा देणाऱ्यालाच अधिक उपयोग होतो, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो.

आज रविवार आहे. घरात कोणाच्या तरी फोनवर 'एल पासो' सहज मिळेल. साडेचार मिनिटांचे गाणे आहे. पहिल्यांदा गोष्ट ऐका. दुसऱ्यांदा गायकाला सोडून द्या आणि ओळ संपल्यावर काय होते तेवढेच ऐका. मग फोन बंद करून घरात जरा कान द्या. स्वयंपाकघरात, मागच्या खोलीत, सोमवारी कचेरीत, कोणीतरी आपल्या ओळीनंतरची जागा भरत असते. त्यांचे नाव ठाऊक असेल तर ते हयात असतानाच मोठ्याने घ्यावे.