बीकॉमनंतर डेंटिस्ट व्हायचंय? आधी विषय, मग सीट

जेद्दा, रियाध, दम्मामच्या मंडळींनो, हा प्रश्न दर सुट्टीत कुणा ना कुणाच्या घरी निघतोच. मुलगी बीकॉम झाली, वर्षभर नोकरी केली आणि आता म्हणते, मला डेंटिस्ट व्हायचंय. आपलं पहिलं वाक्य ठरलेलं: "मग अकरावीत सायन्स का नाही घेतलंस?" अहो, अकरावीचा फॉर्म भरताना शेजारी कोण बसलं होतं? सोडा तो विषय.

दार बंद नाही, असं माझं मत. पण आपण क्रम उलटा लावतो. गावी गेलो की कुणीतरी ओळखीचा एजंट आधी एनआरआय सीटचं बोलतो आणि विषयांचं म्हणे "नंतर बघू". नंतर काय बघणार? बीडीएसला नीट लागते, एनआरआय कोट्यातून घेतलं तरी लागते. आणि त्यासाठी बारावीच्या पातळीचं फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवंच. बीकॉमला कितीही मार्क असोत, इथे ते चालत नाहीत.

चांगली बातमी अशी की नोव्हेंबर २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने जाहीर केलं की हे विषय बारावी झाल्यावर जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त बोर्डातून केले असले तरी नीटला बसता येईल. वयाची वरची अटही २०२२ पासून नाही. फक्त ती सूचना एमबीबीएसच्या नियमातली आहे, डेंटलचे नियम वेगळे असतात. म्हणून त्या वर्षीचं नीटचं माहितीपत्रक स्वतः वाचा आणि प्रवेश देणाऱ्यांकडून लेखी उत्तर घ्या. व्हॉट्सॲपवरचं "हो चालतं" धरू नका.

विषय एनआयओएससारख्या मुक्त शाळेतून करता येतात. करताना प्रॅक्टिकल नीट करू द्या, नुसते क्लास लावून नको. नीटच्या ७२० पैकी ३६० मार्क बायोलॉजीचे, म्हणजे कॉमर्सवाल्या पोरीला आशा आहे. फिजिक्स मात्र घाम काढतं. आणि मला वाटतं, हे एक-दोन वर्षांचं काम हीच तिच्या इच्छेची खरी परीक्षा. नोकरी सांभाळून ती हे करत राहिली, तर पुढची पाच वर्षंही काढेल. सहा महिन्यांत कंटाळली तर आपलं फार काही गेलं नाही, सीटचे लाखो रुपये तर नक्कीच नाहीत.

आता आपल्या मंडळींना खरा फटका बसतो ती गोष्ट. महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्याला डोमिसाइल पुरत नाही, दहावी आणि बारावीही साधारणपणे महाराष्ट्रातूनच झालेली लागते. आपली मुलं इथल्या इंडियन स्कूलमधून सीबीएसई करतात. सातारला घर आहे, सातबारा आहे, मुलगी फाडफाड मराठी बोलते, तरी त्या रांगेत ती नाही. मग उरतो ऑल इंडियाचा १५ टक्के कोटा, अभिमत विद्यापीठं आणि एनआरआय सीट. खर्चाचा हिशेब तिथूनच करा.

"इथेच दवाखान्यात लागेल" हेही धरून चालू नका. जुलै २०२५ पासून तीन किंवा जास्त डेंटिस्ट असलेल्या खासगी ठिकाणी ४५ टक्के सौदी हवेत, जानेवारी २०२६ पासून ५५ टक्के.

अमेरिकेत पदवी कुठल्याही विषयाची चालते, हे खरं. पण बायोलॉजी, जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स लॅबसकट करावंच लागतं, डॅटची परीक्षा वेगळी, आणि बऱ्याच खासगी कॉलेजांची वर्षाची फी ८०,००० डॉलरच्या पुढे. ज्यांना झेपतं त्यांनी जरूर बघा.

या सुट्टीत कुणी सीटचा ॲडव्हान्स मागितला तर एवढंच विचारा: माझ्या मुलीची बायोलॉजीची मार्कशीट म्हणून तुम्ही नेमकं काय दाखवणार?