विश्लेषण : प्रौढांच्या एडीएचडी तपासणीसाठी डॉक्टर स्वतः निवडता येतो? इंग्लंडमधील ‘राइट टू चूज’ काय आहे?

इंग्लंडमध्ये एडीएचडी तपासणीच्या प्रतीक्षेत असलेल्यांची संख्या मार्च २०२५ अखेर सुमारे ५ लाख ४९ हजारांपर्यंत गेल्याचा ‘एनएचएस’चा अंदाज आहे. वर्षभरापूर्वी ती ४ लाख १६ हजार होती. अनेक भागांत पहिल्या भेटीसाठीच काही वर्षे थांबावे लागते. अशा वेळी ‘राइट टू चूज’ हा हक्क चर्चेत येतो. नोकरी-शिक्षणासाठी तिथे गेलेल्या मराठी मंडळींनाही तो उपयोगी आहे. मात्र रांग बदलली म्हणजे प्रश्न सुटला, असे होत नाही.

प्रौढपणी तपासणीची वेळ का येते?

एडीएचडीची लक्षणे बालपणातच सुरू होतात. लक्ष न टिकणे, कामे अर्धवट राहणे, वेळेचा हिशेब चुकणे, उतावळेपणा ही त्यातली काही. अभ्यासात बरी असलेली किंवा वर्गात शांत बसणारी मुले, विशेषतः मुली, नजरेतून सुटतात. पुढे नोकरी आणि संसाराची जबाबदारी वाढली की अडचण उघडी पडते. निदानासाठी लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वीपासून असावी लागतात आणि घर, काम अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात.

नेमका हक्क कोणता?

एनएचएसचा रुग्ण पहिल्या बाह्यरुग्ण भेटीसाठी कोणत्या संस्थेकडे जायचे हे स्वतः ठरवू शकतो. एप्रिल २०१४ पासून हा हक्क मानसिक आरोग्य सेवांनाही लागू झाला. निवडलेली संस्था खासगी असली तरी चालते. अट एवढीच, की इंग्लंडमधील कोणत्याही भागाच्या आरोग्य मंडळाशी तिचा त्या सेवेसाठी एनएचएस करार हवा. तपासणीचा खर्च एनएचएस उचलते. सहा महिन्यांहून अधिक काळाच्या व्हिसासाठी बहुतेकांना वर्षाला १०३५ पौंड (विद्यार्थ्यांना ७७६) आरोग्य अधिभार भरावा लागतो. तो भरलेल्यांनाही एनएचएसची सेवा मिळते.

कोणाला लागू नाही?

स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये हा हक्क नाही. त्याच त्रासासाठी आधीच दुसरीकडे उपचार सुरू असलेले, तातडीची गरज असलेले, कैदी, लष्करी सेवेत असलेले आणि मानसिक आरोग्य कायद्याखाली रुग्णालयात ठेवलेले रुग्णही यातून वगळले आहेत.

प्रक्रिया कशी असते?

सुरुवात जीपीकडून, म्हणजे नोंदणी केलेल्या फॅमिली डॉक्टरकडून होते. तपासणीची गरज आहे असे जीपीला वाटले, तरच तो शिफारसपत्र देतो. थेट संस्थेकडे जाऊन हा हक्क वापरता येत नाही. रुग्ण सहसा लक्षणांची प्रश्नावली आधी भरतो आणि निवडलेल्या संस्थेचे नाव जीपीला सांगतो. भारतात मात्र थेट मनोविकारतज्ज्ञाची वेळ घेता येते. त्यामुळे नव्याने गेलेल्यांचा इथेच गोंधळ उडतो.

निदानानंतर अडचण कुठे येते?

मिथाइलफेनिडेट, लिसडेक्सॅम्फेटामिन ही औषधे ब्रिटनमध्ये नियंत्रित आहेत. तज्ज्ञ आधी मात्रा ठरवतो. ती स्थिरावली, की पुढची प्रिस्क्रिप्शन जीपीने द्यावीत आणि देखरेख तज्ज्ञाने ठेवावी, असा ‘शेअर्ड केअर’ करार केला जातो. पण जीपीवर तो स्वीकारण्याची सक्ती नाही. जीपीने नकार दिला आणि संस्थाही प्रिस्क्रिप्शन देत नसेल, तर निदान हातात असूनही औषध अडते. शिवाय अनेक संस्थांमध्ये मात्रा ठरवण्यासाठी वेगळी रांग असते.

दर्जाचे काय?

मे २०२३ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमाच्या वार्ताहराला तीन खासगी क्लिनिकनी व्हिडीओ कॉलवर एडीएचडी असल्याचे सांगितले. एनएचएसच्या तज्ज्ञाने सविस्तर तपासणी केली तेव्हा तो नसल्याचे निष्पन्न झाले. या कार्यक्रमावर टीकाही झाली, कारण खरोखर त्रास असलेल्यांकडे संशयाने पाहिले जाईल अशी भीती होती. ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना मात्र स्पष्ट आहेत : प्रशिक्षित तज्ज्ञानेच निदान करावे आणि ते केवळ प्रश्नावलीच्या गुणांवर नसावे.

प्रतीक्षा खरोखर कमी होते का?

काहींची होते. पण निवडीचा हक्क वापरणारे वाढले, तशा लोकप्रिय संस्थांच्या रांगाही लांबल्या. खर्च वाढल्याने काही आरोग्य मंडळांनी २०२५ पासून संस्थांनी किती रुग्ण तपासायचे यावर मर्यादा आणल्या. म्हणजे हक्क कागदावर तसाच राहिला, पण त्यामागचा पैसा मोजूनमापून मिळू लागला. ज्याला ही वाट ठाऊक आहे तो पुढे जातो, ठाऊक नसलेला स्थानिक रांगेतच राहतो, हा असमानतेचा मुद्दाही आहेच.

निवडण्यापूर्वी काय विचारावे?

संस्थेला पाच प्रश्न विचारावेत : तपासणीसाठी किती आठवडे? औषधाची मात्रा ठरवण्यासाठी आणखी किती? तपासणी कोण करते? प्रिस्क्रिप्शन कोण देणार? जीपीने नकार दिल्यास पुढे काय? शेअर्ड केअर स्वीकारणार का, हे जीपीलाही शिफारसपत्र घेतानाच विचारून ठेवावे. भारतातील शाळेची प्रगतिपुस्तके आणि जुने वैद्यकीय कागद असतील तर जवळ ठेवावेत. बालपणीची लक्षणे दाखवण्यास ते मदत करतात. कायदा पहिल्या भेटीपुरती निवड देतो. त्यापुढची सोय रुग्णाने आधीच पाहून ठेवलेली बरी.