खपलेली गाणी आणि गाजलेली गाणी

आमच्या कॉलेजातली एक विद्यार्थिनी संध्याकाळी जपानी भाषेच्या वर्गाला जाते. पुण्यात आता हे काही नवल राहिलेले नाही. पूर्वी गल्लोगल्ली पेटीचे आणि टंकलेखनाचे क्लास असत, तसे आज जपानीचे आहेत. परवा ही मुलगी एक निबंध घेऊन आली. वर्गात वाचायचा होता, मराठी तेवढे तपासून हवे होते. विषय होता ‘एकेबी ४८ या गायिकासमूहाची सर्वांत लोकप्रिय गाणी’. निबंध म्हणजे एक यादीच होती. कोणत्या गाण्याच्या किती तबकड्या खपल्या, ते उतरत्या क्रमाने मांडलेले. मी ऱ्हस्वदीर्घ सुधारले आणि सहज विचारले, “यातले तुला कोणते येते?”

“सर, ‘कोई सुरू फॉर्च्यून कुकी’. आमच्या सगळ्या वर्गाला येते. नाचासकट!”

“मग ते यादीत पहिले का नाही?”

मुलगी गप्प झाली. आणि वाचकहो, खरे सांगायचे तर मीही गप्प झालो. कारण उत्तर मलाही ठाऊक नव्हते. मास्तराने प्रश्न विचारून स्वतःच अडकावे, यासारखी नामुष्की नाही! पुढचा पंधरवडा मी त्याच प्रश्नाच्या मागे होतो. घरातून ती जपानी गाणी ऐकू येऊ लागल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला, तो भाग वेगळा.

तर हा समूह म्हणजे काय प्रकार आहे, ते आधी सांगतो. तोक्योत अकिहाबारा नावाचा विजेच्या सामानाचा बाजार आहे. तिथल्या एका दुकानाच्या आठव्या मजल्यावर अडीचशे माणसे मावतील एवढे छोटेसे नाट्यगृह बांधून ८ डिसेंबर २००५ रोजी या मुलींचा पहिला खेळ झाला. त्या दिवशी तिकीट काढून आलेले प्रेक्षक होते सात! कल्पना होती यासुशी अकिमोतो या गीतकाराची. हा गृहस्थ साधासुधा नव्हे. मिसोरा हिबारी या जपानच्या थोर गायिकेने १९८९ साली, आपल्या अखेरच्या वर्षात, नदीच्या प्रवाहावरचे जे गाणे गायिले आणि जे आजही जपानी माणसाचे डोळे ओले करते, ते याच्याच लेखणीतले. त्याने ठरवले की, दूर पडद्यावर चमकणाऱ्या तारका पुष्कळ झाल्या. आता रोज जाऊन भेटता येईल अशा तारका काढू. मुली पुष्कळ, रोज खेळ, आणि सगळी गाणी स्वतः अकिमोतोची.

इथवर ठीक. पण ‘भेटता येईल’ या शब्दांचा पुढे व्यापार झाला. तबकडीत एक चिठ्ठी घातलेली असे. ती दाखवली की आवडत्या मुलीशी काही सेकंद हस्तांदोलन करायला मिळे. दहा तबकड्या घेतल्या तर दहा वेळा! २००९ पासून तर निवडणूकच सुरू झाली. तबकडीबरोबर मतपत्रिका, जिला जास्त मते ती पुढच्या गाण्यात मध्यभागी उभी राहणार. एका माणसाला एक मत, हा लोकशाहीचा नियम तिथे नव्हता. एका तबकडीला एक मत. खिसा खोल असेल तर एकच भक्त शंभर मतदारांच्या बरोबरीचा. माझ्या विद्यार्थिनीच्या यादीतले आकडे असे तयार झालेले होते. ते खोटे नव्हेत, पण ते गाण्याचे आकडे नव्हेत, मतपेटीचे आहेत.

एकट्या २०१३ सालाचा हिशेब पाहा. त्या वर्षीच्या मे महिन्यात ‘सायोनारा क्रॉल’ हे गाणे निघाले. आत मतपत्रिका होती. पहिल्याच आठवड्यात सतरा लाखांहून अधिक प्रती गेल्या, विक्रम झाला. ऑगस्टमध्ये ‘कोई सुरू फॉर्च्यून कुकी’ आले. यात मतपत्रिका नव्हती. पहिल्या आठवड्याचा खप तेरा लाखांच्या घरात, म्हणजे चार लाखांनी कमी. आणि आज एखाद्या जपानी आजोबांना थांबवून या समूहाचे गाणे म्हणायला सांगितले, तर ते कोणते म्हणतील? पैज लावायची तर मी दुसऱ्यावर लावीन.

आता या दुसऱ्या गाण्याच्या मध्यभागी कोण होती, ते सांगितले पाहिजे, कारण खरी कथा तिथेच आहे. या मुलींना एक अलिखित नियम असतो: गाणी सगळी प्रेमाची गायची, पण प्रेम करायचे नाही! सेकंदभर हात हातात घेणाऱ्या हजारो तरुणांचे स्वप्न मोडू नये, म्हणून ही बंदी. २०१२ साली रिनो साशिहारा हिचे जुने प्रेमप्रकरण एका साप्ताहिकाने छापले आणि तिची रवानगी तोक्योहून पार दक्षिणेला, हाकाता इथल्या नव्याने निघालेल्या शाखेत झाली. सरकारी नोकरीत जिला आपण ‘शिक्षेची बदली’ म्हणतो, तीच ही. पुढे २०१३ च्या जानेवारीअखेर मिनामी मिनेगिशी ही पहिल्या तुकडीतली मुलगी एका तरुणाच्या घरून बाहेर पडताना छायाचित्रात सापडली. तिने आपले डोके भादरून घेतले आणि कॅमेऱ्यासमोर रडत रडत क्षमा मागितली. तिला उमेदवार मुलींच्या वर्गात खाली ढकलण्यात आले. वय वर्षे वीस. अपराध कोणता, तर अकिमोतोच्या शेकडो गाण्यांतून जे सांगितले आहे ते तिने केले!

मी ते चित्र पाहिले आणि पुढची गाणी ऐकण्याचे माझ्या मनातूनच उतरले. दोन दिवस यंत्र बंद ठेवले. वर्गात मी बालकवी शिकवतो, ना. धों. महानोर शिकवतो, प्रेमाची कविता फळ्यावर लिहितो आणि समोर त्या मुलीच्याच वयाची पोरे बसलेली असतात. त्यांच्यापैकी कुणाला असे उभे केले असते तर? जगभर लोक हळहळले, जपानातही पुष्कळांनी टीका केली. मिनेगिशी मात्र समूह सोडून गेली नाही. ती राहिली २०२१ पर्यंत, पहिल्या तुकडीतली अगदी शेवटची म्हणून.

आणि साशिहारा? जून २०१३ मधल्या निवडणुकीत, योकोहामाच्या भल्यामोठ्या मैदानावर, शिक्षेच्या बदलीवर गेलेली हीच मुलगी दीड लाखांवर मते घेऊन पहिली आली. रूपाने सामान्य, गाण्यात सामान्य, स्वतःच स्वतःची थट्टा करणारी. तिच्यासाठी अकिमोतोने जे गाणे लिहिले त्यातली नायिकाही तशीच आहे. ज्याच्यावर मन जडले आहे तो हिच्याकडे पाहतही नाही. तरी ही नशिबाच्या बिस्किटावर हवाला ठेवून उद्या बरा असेल असे म्हणते. (अमेरिकेतल्या चिनी खाणावळीत जेवणानंतर आत भविष्याची चिठ्ठी असलेले बिस्कीट देतात, ते हे. संशोधक म्हणतात की ते मुळात चिनी नव्हेच. क्योतोकडच्या जपानी बिस्किटाचे ते वंशज. म्हणजे माहेरचीच वस्तू सासरच्या नावाने परत आली!)

चाल सत्तरीच्या दशकातल्या अमेरिकी नाचगाण्यांच्या वळणाची, सावकाश, कुणालाही पकडता येईल अशी. नाच बसवला पपाया सुझुकी या लठ्ठ, हसतमुख गृहस्थाने. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. गुडघे दुखणाऱ्यालाही जमेल इतपतच. चित्रफीत साशिहाराच्या त्या बदलीच्या गावी, फुकुओकात, हजारो साध्या नागरिकांना रस्त्यावर उतरवून घेतली. आणि मग गंमत झाली. कंपन्यांतले कारकून, दुकानांतले विक्रेते, सरकारी कचेऱ्यांतले लोक, सगळे आपापल्या नाचाच्या फिती काढू लागले. कानागावा प्रांताचे गव्हर्नर सुद्धा नाचले! पुढे २०१७ च्या अखेरीस बँकॉकमधल्या भगिनीसमूहाने ते थाई भाषेत गायिले, तेव्हा थायलंडभर तेच झाले. या नाचणाऱ्यांपैकी कुणालाही मतपत्रिका नको होती.

आता कुणी म्हणेल, मतांच्या जोरावर पुढे आलेले गाणे लोकांचे होऊच शकत नाही काय? तसेही नाही. ‘हेवी रोटेशन’ हे २०१० सालचे गाणे पाहा. त्यात मध्यभागी युको ओशिमा उभी राहिली ती निवडणूक जिंकूनच. पण लोकांनी ते पुढे वर्षभर कराओकेच्या खोल्यांतून इतके गायिले की २०११ साली त्या याद्यांत तेच अव्वल ठरले. रेडिओवर एकच गाणे दिवसभर वाजवत राहणे, असा त्या नावाचा अर्थ. प्रेमात पडलेल्या माणसाच्या डोक्याचा रेडिओ तसा झालेला असतो, एवढीच त्यातली कल्पना. पण सुचली हे महत्त्वाचे. घरी चार दिवस माझ्याही डोक्यात तेच चालले होते, आणि शेवटी सौभाग्यवतीच ते गुणगुणताना सापडल्या!

तिसरे गाणे तर माझ्या विद्यार्थिनीच्या यादीत नव्हतेच, कारण ते तबकडीचे मुख्य गाणेच नव्हे. २०१५ च्या डिसेंबरात निघालेल्या एका तबकडीवर ते जोडगाणे म्हणून होते. नाव, ‘३६५ दिवसांचे कागदी विमान’. एनएचकेच्या ‘आसा गा किता’ या सकाळच्या मालिकेचे ते शीर्षकगीत. मालिका मेइजी काळातल्या एका धाडसी उद्योजिकेच्या आयुष्यावर बेतलेली. रोज सकाळी न्याहारीच्या वेळी सबंध देशाच्या कानावर ते पडत राहिले. पुढे उभी होती ओसाकाच्या शाखेतली सायाका यामामोतो. ज्यांनी उभ्या आयुष्यात या समूहाची एक तबकडी विकत घेतली नाही, त्या आज्यांना ते पाठ झाले.

निबंध मी परत केला. खाली तांबड्या शाईने लिहिले: ‘माहिती चोख. शीर्षक बदलावे किंवा यादी बदलावी.’ दुसऱ्या दिवशी मुलगी स्टाफरूमच्या दाराशी आली. तिने शीर्षक ‘सर्वांत जास्त खपलेली गाणी’ असे केले होते आणि शेवटी एक नवे पान जोडले होते. त्यावर फक्त मिनेगिशीबद्दल लिहिले होते.

“सर, हे विषयाला सोडून होतेय का?” तिने विचारले.

मी ते पान दोनदा वाचले. एकही ऱ्हस्वदीर्घ चुकला नव्हता.

“राहू दे,” मी म्हणालो. “आणि वाचताना हे पान आधी वाच.”