कवचाशिवाय यंत्र परत देऊ नका

खरिपापूर्वीचे दिवस म्हणजे तालुक्याच्या गावातील वेल्डिंगची दुकाने आणि ट्रॅक्टर गॅरेजे यांच्या कमाईचे दिवस. रोटाव्हेटर, पलटी नांगर, कल्टिव्हेटर रांगेत उभे असतात आणि शेतकरी घाईत असतो. या धंद्यात आमचे पुष्कळ बांधव आहेत. त्यांच्या हुनराबद्दल आम्ही कापड व्यापाऱ्यांनी काही शिकवावे असे नाही. परंतु या कामातील अत्यंत भयानक अपघात अंगावरच्या कपड्यामुळे होतो, आणि कपड्याबद्दल बोलणे हे आमचे कामच आहे.

हिशेब साधा आहे. ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरला देणारा पीटीओ शाफ्ट साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. शाफ्ट पाच सेंटिमीटर जाडीचा धरला, तर एका फेऱ्यात साडेपंधरा सेंटिमीटर कापड गुंडाळले जाते. दोन मीटरची लुंगी दीड सेकंदात संपते. ओरडायलाही वेळ मिळत नाही. विरलेले सुती कापड निदान फाटते तरी. पॉलिस्टर मिश्रित कापड, जे आम्हीच टिकाऊ म्हणून विकतो, ते सहजासहजी फाटत नाही. ते माणसालाच ओढून नेते.

म्हणूनच शाफ्टवर प्लास्टिकचे कवच असते. सांध्याला ग्रीस देताना ते काढले जाते आणि पुष्कळदा दुकानाच्या कोपऱ्यातच पडून राहते. आमची तक्रार नेमकी येथे आहे. ग्राहकाने मागितले नाही म्हणून कवच न बसविणे हे मापात कमी कापड देण्यासारखेच आहे. फरक एवढाच, की येथे तूट जिवाची पडते.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या २२ व्या कलमात, चालू यंत्राची पाहणी करणाऱ्या कामगाराचे कपडे अंगासरशी घट्ट असावेत आणि ते मालकाने पुरवावेत, असे लिहिलेले होते. चार माणसांचे गॅरेज त्या कायद्याच्या कक्षेत येत नव्हते हे खरे, पण शाफ्ट माणसे मोजून फिरत नाही. कारागिराला वर्षातून दोन जोड घट्ट बाह्यांचे कपडे देणे कोणत्याही मालकाला जड नाही. गमछा, मफलर आणि लुंगी खुंटीवर टांगून कामाला लागावे.

बाकीचे नियमही उस्तादाने शागिर्दाला पहिल्याच दिवशी सांगावेत. इंजिन बंद, आणि किल्ली जो यंत्राखाली जाणार त्याच्याच खिशात. शाफ्ट पूर्ण थांबेपर्यंत हात लावायचा नाही. रोटाव्हेटर काही शे किलोचा असतो. तो केवळ हायड्रॉलिकवर उचलून पाती बदलायला खाली शिरू नये. पाइप फुटला किंवा कोणाचा हात लिव्हरला लागला, तर तो क्षणात खाली येतो. मजबूत लाकडी ठोकळे किंवा लोखंडी घोडी लावावी. विटा चालणार नाहीत, त्या भाराखाली फुटतात. तेलाची गळती बोटाने शोधू नये, पुठ्ठा धरून पाहावी. दाबाखालची बारीक धार कातडीत शिरते. तुटलेले पाते जोडून देण्यापेक्षा बदलावे. जो बोल्ट जादा भार आल्यावर तुटण्यासाठीच बनविलेला असतो, त्याच्या जागी कठीण बोल्ट ठोकू नये.

यावर उत्तर मिळेल की, आम्ही नियम पाळला तर ग्राहक शेजारच्या दुकानात जाईल. ही अडचण खोटी नाही. एकटा दुकानदार ती सोडवू शकत नाही, पण बाजार सोडवू शकतो. एका गावातील सर्व गॅरेजवाल्यांनी एकत्र बसून ठरवावे, की कवचाशिवाय शाफ्ट दुकानाबाहेर जाणार नाही आणि नव्या कवचाची किंमत बिलात वेगळी लिहिली जाईल. शेतकऱ्याला कारण सांगितले तर तो समजतो. त्या ट्रॅक्टरवर त्याचाच मुलगा बसणार असतो.

दुरुस्तीला आलेले यंत्र ही ग्राहकाची अमानत आहे. ती पूर्ण परत करावी, कवचासह.