करार पगाराचा, की जिवाचाही?

(तृतीय वर्ष, वाणिज्य)

कामगारांचा करार झाला की वर्तमानपत्रात बातमी येते ती एका आकड्याची. 'दरमहा अमुक रुपयांची वाढ, थकबाकी दोन हप्त्यांत.' त्या करारात आणखी काय लिहिले आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. छापणारा विचारत नाही, वाचणारा विचारत नाही आणि पुष्कळदा ज्याच्यासाठी करार झाला तो कामगारही विचारत नाही. आमच्या पाठ्यपुस्तकात सामूहिक वाटाघाटींचे फायदे-तोटे मुद्देसूद दिलेले असतात. पण एखादा खरा करार पहिल्या कलमापासून शेवटच्या सहीपर्यंत वाचावा, असे कोणतेही पुस्तक सांगत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, रजा, बोनस ही कलमे करारात हवीतच. परंतु एका पाळीत किती माणसे असावीत, त्यांना किती दिवसांचे शिक्षण मिळावे आणि धोका दिसताच काम थांबवण्याचा अधिकार त्यांना असावा की नाही, ही कलमे त्यांच्या बरोबरीने हवीत. या गोष्टी कायद्यावर आणि व्यवस्थापनाच्या सद्बुद्धीवर सोडून भागत नाही.

ही मागणी नवी आहे असे कोणी समजू नये. सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत परळला गिरणी कामगारांची सभा भरली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या अर्जावर पाच हजारांहून अधिक कामगारांनी सह्या केल्या. अर्जात काय मागितले होते? आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. याखेरीज आणखी एक मागणी होती. कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत कामगाराला पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा निकामी झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. पगारवाढीचा मोठा आकडा त्या अर्जात नव्हता. वेळ, विश्रांती आणि शरीर या तीन गोष्टींचा तो अर्ज होता. रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी १० जून १८९० रोजी मान्य केली. इजेच्या भरपाईचा कायदा यायला १९२३ साल उजाडले.

या अर्जाला बरोबर शंभर वर्षे झाली त्या वर्षी भोपाळ घडले. म्हणून मला आपल्या मुद्द्यासाठी भोपाळकडेच वळावेसे वाटते. एकाच शहरात दोन कारखाने होते आणि दोघांची कथा निराळी झाली.

पहिला कारखाना सर्वांना ठाऊक असलेल्या 'भेल'चा. हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया) लिमिटेड ही सरकारी कंपनी १९५६ साली स्थापन झाली आणि १९७४ साली ती भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये विलीन झाली. कारखान्याबरोबर पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा येथे वसाहती वसल्या. शाळा निघाल्या, कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली माणसे तेथे शेजारी झाली. वेतन व भत्ते व्यवस्थापन आणि कामगार संघटना यांच्या संयुक्त समितीत ठरू लागले. माझे मामा तेथूनच निवृत्त झाले. ते पगाराचा आकडा क्वचितच सांगतात. सांगतात ते घर, दवाखाना आणि मुलांच्या शाळेविषयी. करारातून आणि सेवाशर्तींतून कामगाराच्या आयुष्याला काय स्थैर्य येते, ते अशा वसाहतींत पाहावे.

दुसरा कारखाना युनियन कार्बाइडचा. तो कीटकनाशके बनवीत असे आणि १९८० पासून तेथेच मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन तयार होऊ लागले. मालाला अपेक्षित मागणी आली नाही, कारखाना तोट्यात गेला आणि खर्चाला कात्री लागली. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जिन वायूमुळे एका कामगाराचा मृत्यू झाला. कामगारांनी निदर्शने केली, पत्रके वाटली. राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२ साली आपल्या लहानशा 'रपट' साप्ताहिकातून शहराला सावध केले. कात्री मात्र चालूच राहिली. दुर्घटनेनंतर १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांनुसार, त्या विभागात एका पाळीत पूर्वी १२ चालक असत, त्यांचे ६ झाले. शिक्षणाचा काळ कमी करण्यात आला. रात्रपाळीच्या देखभाल पर्यवेक्षकाची जागा तर दुर्घटनेच्या थोडेच दिवस आधी रद्द झाली. रसायन थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. पुढे जे घडले ते सांगण्याची आवश्यकता नाही. सरकारी मोजणीप्रमाणेही मृतांचा आकडा हजारोंच्या घरात आहे. कंपनीने पुढे एका कामगाराच्या घातपाताचा दावा केला, पण तो कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेला नाही.

आता वाणिज्य शाखेच्या दृष्टीने या गोष्टीकडे पाहू. १२ जणांचे ६ केले की नफा-तोटा पत्रकात वेतनखर्च लगेच कमी दिसतो. वाढलेला धोका मात्र कोणत्याही खात्यात जमेला किंवा नावे पडत नाही. हिशेबाची वही ज्याची नोंद घेत नाही, त्याची नोंद कोठे तरी झाली पाहिजे. ती जागा म्हणजे करार. निदर्शने आणि पत्रके यांनी मत तयार होते, पण व्यवस्थापनावर बंधन येते ते सही झालेल्या कलमानेच.

यावर कोणी म्हणेल, सुरक्षितता हा वाटाघाटीचा विषयच नव्हे. त्यासाठी कायदा आहे, निरीक्षक आहे. हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून कायदा काय म्हणत होता ते पाहावे. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ९-अ प्रमाणे काही सेवाशर्ती बदलायच्या असतील तर मालकाला २१ दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागे. कोणत्या शर्ती, याची यादी चौथ्या अनुसूचीत होती. तिच्यात ११ बाबी होत्या. वेतन, भविष्य निर्वाह निधी, भत्ते, कामाचे तास, रजा, पाळ्या, श्रेणी, रूढ सवलती, शिस्तीचे नवे नियम, यंत्रसामग्रीतील फेरबदल आणि शेवटची, अकरावी बाब म्हणजे कामावरील माणसांच्या संख्येत होणारी वाढ किंवा घट. सुरक्षितता हा शब्द त्या यादीत नाही. परंतु अकरावी बाब आहे! माणसांची संख्या हा सेवाशर्तीचा प्रश्न आहे, हे कायद्याने कबूल केले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांपैकी औद्योगिक संबंध संहितेतही ही यादी जवळजवळ तशीच आली आहे.

पण पूर्वसूचना म्हणजे संमती नव्हे. सूचना दिली, मुदत संपली आणि कोणी वाद उभा केला नाही, तर बदल होऊन जातो. वाद उभा करायला हातात आधार लागतो आणि तो आधार आधीच्या करारातील स्पष्ट कलमाइतका दुसरा कोणताही नाही. कायद्याचेही तेच. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना अधिनियमात धोकादायक उद्योगांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. सुरक्षा समितीत कामगारांचा सहभाग आणि धोका दिसल्यास इशारा देण्याचा त्यांचा अधिकार त्यात मान्य झाला. चांगले झाले. पण वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. कायदा देशभरच्या कारखान्यांसाठी एकदाच लिहिला जातो. अमक्या विभागात तमक्या यंत्रावर रात्री किती माणसे हवीत, हे त्या यंत्रावर काम करणाऱ्यालाच ठाऊक असते आणि ते त्याच कारखान्याच्या करारात लिहिता येते.

दुसरा आक्षेप कामगारांच्या बाजूने येतो. 'सुरक्षिततेच्या कलमाने चूल पेटत नाही. महागाई वाढते आहे, आधी हातात पैसा येऊ द्या.' ज्याच्या घरी महिनाअखेर उधारीवर निघते, त्याला उपदेश करण्याचा अधिकार माझ्यासारख्या विद्यार्थ्याला नाही. तरी एक सांगावेसे वाटते. धोक्याबद्दल कित्येक ठिकाणी भत्ता मागितला जातो आणि तो मिळतोही. भत्ता मिळाला की धोक्याची किंमत ठरते आणि किंमत चुकती केली की मालकाला तो कमी करण्याची निकड राहत नाही. पगारवाढ पुढच्या करारात पुन्हा मागता येते. गेलेली फुप्फुसे कोणत्या करारात परत मागणार?

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. करारावर सही कोणाची आणि तो बांधतो कोणाला? समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार त्या कारखान्यातील सर्व कामगारांना बांधतो. जे सभासद नाहीत त्यांना आणि जे उद्या नोकरीस लागतील त्यांनासुद्धा. हे तत्त्व जुन्या कायद्यात होते, नव्यातही आहे. नव्या संहितेप्रमाणे ५१ टक्के कामगार ज्या संघटनेचे सभासद असतील ती एकमेव वाटाघाटी करणार आणि अशी संघटना नसेल तर निदान २० टक्के सभासद असलेल्या संघटनांची परिषद बसणार. एका दृष्टीने यात सोय आहे; दहा संघटनांशी दहा बोलणी नकोत. पण एकाच संघटनेला सहीचा हक्क दिला आणि कामगारांचा तिच्यावर विश्वास नसला, तर काय होते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढीइतकीच, बदली कामगारांना कायम करा आणि १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा, ही त्यांची मागणी होती. कारण त्या कायद्याप्रमाणे बोलणी करण्याचा हक्क मान्यताप्राप्त संघटनेलाच होता.

भोपाळच्या लोकांनी तर हा अनुभव दोनदा घेतला. १९८५ च्या कायद्याने पीडितांच्या वतीने दावा करण्याचा हक्क केंद्र सरकारने आपल्याकडे घेतला आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ज्यांचे श्वास गेले होते त्यांना कोणी विचारले नाही. वाढीव भरपाईचा अर्ज मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. एकदा झालेली तडजोड मोडणे किती अवघड असते, ते यावरून दिसते.

घरी मी कन्नड बोलतो, शाळा मराठीत शिकलो. मराठीतला 'करार' हा शब्द अरबी-फारसीतून आला. त्यात ठरवून पक्के करण्याचा अर्थ आहे. कन्नडमध्ये करारास 'ओप्पंद' म्हणतात आणि त्याच्या मुळाशी 'ओप्पु', म्हणजे रुकार, संमती आहे. मला वाटते, चांगल्या कराराला हे दोन्ही शब्द लागू पडले पाहिजेत. तो पक्का असावा आणि तो संमतीचाही असावा. पण न समजलेल्या गोष्टीला संमती कशी देणार? भोपाळच्या कारखान्यातील कामाच्या सूचना-पुस्तिका इंग्रजीत होत्या आणि पुष्कळ कामगारांना इंग्रजी येत नव्हते. वास्तविक, कारखान्याचे स्थायी आदेश बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेतही लावले पाहिजेत, असे १९४६ पासूनच कायद्यात होते. मग त्याच कारखान्याचा करार आणि यंत्राच्या सूचना त्या भाषेत का नसाव्यात? मराठी, कन्नड, हिंदी, जी भाषा पाळीत बोलली जाते तिच्यात त्या असाव्यात.

तेव्हा मागणीपत्रात चार कलमे कायमची असावीत असे मला वाटते. पाळीतील माणसांची किमान संख्या ठरलेली असावी आणि ती दोन्ही बाजूंच्या संमतीशिवाय घटू नये. धोक्याच्या कामावर पाठवण्यापूर्वी किती दिवसांचे शिक्षण द्यायचे, ते लिहिलेले असावे. जिवाला धोका दिसल्यास काम थांबवणाऱ्याचा पगार कापू नये आणि त्याच्यावर ठपका ठेवू नये. आणि ही तिन्ही कलमे कंत्राटी कामगारालाही लागू असावीत. कायम आणि कंत्राटी कामगार आज अनेक ठिकाणी एकाच छपराखाली राबतात आणि वायू कोणाचे ओळखपत्र तपासून नाकात शिरत नाही.

आपल्यापैकी बरेच जण उद्या कोठे ना कोठे कर्मचारी-विभागात, लेखा-विभागात किंवा बँकेत बसतील. काही जण व्यवस्थापनाच्या बाजूने कराराचा मसुदा तयार करतील, काही संघटनेच्या बाजूने. वेतनवाढीचा तक्ता तर आपण बिनचूक करूच. त्याचेच शिक्षण आपल्याला मिळाले आहे. पण तक्ता संपल्यावर एक प्रश्न स्वतःला विचारावा. या करारात माणसाच्या जिवाबद्दल किती ओळी आहेत? उत्तर शून्य आले, तर मसुदा अपुरा आहे असे समजून लेखणी पुन्हा उचलावी.