घास आणि श्वास

पंक्तींत बसलें असतां कोणास ठसका लागला, तर ‘कोणी तरी आठवण काढली असेल’ असें हंसत म्हणून आजीबाई पाण्याचें भांडें पुढें करतात. ठसका थांबतो आणि तो कां लागला हा विचार तेथेंच राहून जातो. ज्या घरांत दोन वर्षांचें नातवंड आणि ऐंशी वर्षांचे आजोबा एकाच वेळीं जेवावयास बसतात, त्या घरांत मात्र हा विचार टाळून चालणार नाहीं. म्हणून या खेपेस तोच विषय घेतला आहे.

घशामध्यें अन्न आणि हवा यांची वाट कांहीं अंतर एकच असते. मग तिला दोन फांटे फुटतात: पुढील बाजूस श्वासनलिका आणि तिच्या पाठीशीं अन्ननलिका. म्हणजे प्रत्येक घासाला श्वासाच्या दारावरूनच जावें लागतें. घास चावणें, लाळेंत कालवणें आणि जिभेनें मागें लोटणें, एवढेंच काय तें आपल्या हातीं. घास घशास लागला कीं पुढचा कारभार मज्जासंस्था आपण होऊन पाहते. टाळूचा मागील मऊ भाग उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते. स्वरयंत्र वर सरकतें, त्याच्या मुखावर पानाच्या आकाराचें झांकण कलतें, स्वररज्जू मिटतात आणि श्वास क्षणभर थांबतो. हें सर्व सुमारें एका सेकंदांत घडतें. गळ्याच्या पुढील उंचवट्यावर बोट ठेवून आवंढा गिळावा, म्हणजे स्वरयंत्र वर गेलेलें प्रत्यक्ष कळेल.

तेथून घास अन्ननलिकेंत उतरतो. ती सुमारें २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी आहे. घास तिच्यांतून नुसता पडत नाहीं. स्नायूंच्या लाटा त्यास खालीं ढकलतात, आणि म्हणूनच निजलेल्या माणसासही गिळतां येतें. घन घासास जठरापर्यंत पोंचावयास साधारणतः आठ-दहा सेकंद लागतात. नळीच्या शेवटीं स्नायूंचें एक कडें आहे. तें अवेळीं सैल पडलें तर जठरांतील आम्ल वर चढून छातींत जळजळतें. यास्तव भरल्या पोटीं लगेच आडवें होऊं नये. जठर अन्न घुसळून, आम्ल व पाचक रस यांच्या साह्यानें त्याचा लगदा करतें आणि तो थोडा थोडा करून लहान आंतड्याच्या पहिल्या भागांत सोडतें. परंतु जठरास दांत नाहींत. तोंडानें टाळलेलें काम तें पुरतेपणीं भरून काढूं शकत नाहीं.

बोलतांना वा हंसतांना श्वासाचें दार उघडें असतें. त्याच क्षणीं घास मागें गेला, तर एखादा कण आंत शिरतो आणि खोकला त्यास बाहेर फेंकूं पाहतो; हाच ठसका. जुन्या घरांतून आरंभीं आपोशन घेऊन मौनानें जेवण्याची चाल होती. तिचा धर्महेतु कांहींही असो, ओला घसा आणि मिटलेलें तोंड हा लाभ खराच. आज मोबाईलवरील चित्रांत गुंग झालेलें मूलही गप्पच असतें. पण त्याच्या तोंडीं कोंबलेल्या घासाकडे त्याचें लक्ष नसतें.

पांच वर्षांखालील मुलांस अख्खे शेंगदाणे वा फुटाणे देऊं नयेत. दाण्यांचें कूट द्यावें, द्राक्षें उभीं चिरून द्यावींत. वृद्धांची, विशेषतः पक्षाघात होऊन गेलेल्यांची, ही यंत्रणा मंदावते. पाणी पितांना वारंवार खोकला येणें, जेवणानंतर आवाज घरघरणें, यांस ‘वयोमानानें होणारच’ असें म्हणूं नये. अन्नकण फुप्फुसांत जाऊन न्यूमोनिया होऊं शकतो. आज भाकरी अडकते, कांहीं दिवसांनीं भातही अडकूं लागतो, असा क्रम दिसला तर डॉक्टरांस त्वरित दाखवावें. अन्ननलिकेचा कर्करोगही असाच सुरू होतो.

आतां प्रसंगाविषयीं. माणूस जोरानें खोकत असेल तोंवर त्यास खोकूं द्यावें. पाणी पाजूं नये, तोंडांत अंदाजानें बोटही घालूं नये. खोकतां, बोलतां वा श्वास घेतां येईनासा झाला, तर त्यास पुढें वांकवून दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्यें तळहाताच्या टांचेनें पांच ठोसे द्यावेत. तेवढ्यानें न भागल्यास मागें उभें राहून बेंबीच्या किंचित् वर मूठ ठेवावी आणि ती आंत व वर अशी पांच वेळां झटक्यानें ओढावी. ही दुसरी रीत अमेरिकन शल्यवैद्य हेन्री हाइमलिक यांनीं १९७४ सालीं मांडली. अडकलेला पदार्थ निघेतोंवर दोन्ही उपाय आळीपाळीनें करावेत आणि दुसऱ्या कोणी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वर्षाखालील बालकाचें पोट दाबूं नये. डोकें खालीं येईल असें पालथें धरून पाठीवर पांच ठोके, मग उताणें करून छातीच्या मध्यभागीं पांच दाब द्यावेत.

घरांतील दोघांतिघांनीं तरी ही रीत जाणत्या माणसाकडून आधींच शिकून ठेवावी. आणि पुढच्या वेळीं पंक्तींत ठसका लागला, तर आजीबाईंनीं आठवण कोणाचीही काढावी. पाण्याचें भांडें मात्र खोकला ओसरेपर्यंत हातांतच ठेवावें.